खचलेल्या भूमीचे ऋण : ऊर्जानगर, वर्धा खोरे आणि पर्वतांची घडण

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस, दुर्गापूरला लागून वसलेले ऊर्जानगर हे राज्यातील एका मोठ्या औष्णिक वीजकेंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेले नगर असून, 1983 साली या केंद्राचा पहिला संच सुरू झाल्यापासून त्याचे सारे जीवन दगडी कोळसा आणि इरई धरणाचे पाणी या दोन गोष्टींवर उभे आहे. पाणी दरवर्षी पावसाबरोबर येते. कोळसा मात्र सुमारे अठ्ठावीस ते एकोणतीस कोटी वर्षांपूर्वी एकदाच आला, आणि तो आजवर टिकून राहिला याचे कारण या भागातील जमीन उंच झाली हे नसून ती खाली खचली हे आहे. पर्वत कसे घडतात हा भूशास्त्रातील जुना प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर साधारणपणे हिमालय किंवा आल्प्स यांच्या शिखरांकडे पाहून दिले जाते. पण ज्या हालचाली एका ठिकाणी पर्वत उचलतात त्याच दुसऱ्या ठिकाणी दऱ्या पाडतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रदेश या दुसऱ्या बाजूचा भारतातील एक उत्तम दाखला आहे. ऊर्जानगरचा इतिहास नीट लिहायचा झाल्यास तो वीजकेंद्राच्या पायाभरणीपासून नव्हे, तर खडकांना घड्या पडल्या आणि ते तुटले तेव्हापासून सुरू करावा लागतो.

खडकाला घडी पडू शकते ही कल्पना प्रथम ऐकताना विचित्र वाटते, कारण रोजच्या अनुभवात खडक हा न वाकणारा पदार्थ आहे. परंतु जमिनीखाली काही किलोमीटर खोल, जिथे तापमान आणि सर्व बाजूंनी येणारा दाब दोन्ही खूप वाढलेले असतात आणि ताण लाखो वर्षे हळूहळू पडत राहतो, तिथे खडक न तुटता वाकतो. अशा वाकण्याला भूशास्त्रात वली म्हणतात. वलीचा वर फुगलेला भाग म्हणजे अपनती आणि खाली बसलेला भाग म्हणजे अभिनती. एडिंबरोचे भूशास्त्रज्ञ सर जेम्स हॉल यांनी हे दाखवण्यासाठी कापडाचे थर एकावर एक ठेवून, त्यांवर वजन ठेवून, दोन्ही बाजूंनी फळ्यांनी दाबले, तेव्हा कापडाला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील खडकांत दिसतात तशाच नागमोडी घड्या पडल्या. पर्वतांची घडण प्रयोगातून समजून घेण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता. बाजूंनी येणारा हा दाब कोठून येतो याचे उत्तर मात्र पुढील शतकभर चुकत राहिले. एकोणिसाव्या शतकातील अनेक विद्वानांच्या मते पृथ्वी थंड होत आकसते आणि तिच्या पृष्ठावर सुरकुत्या पडतात, त्या सुरकुत्या म्हणजेच पर्वत. व्हिएन्नाचे थोर भूशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस यांनीही हीच उपपत्ती पुरस्कारली होती. 1912 साली आल्फ्रेड वेगनर यांनी खंडवहनाची कल्पना मांडली, आणि 1960च्या दशकात भूपट्ट-सिद्धांत प्रस्थापित झाल्यावर हे स्पष्ट झाले की, भूकवचाचे मोठाले तुकडे एकमेकांकडे सरकून जिथे भिडतात तिथे त्यांच्या काठांवरील थर दाबले जाऊन वली पर्वत उभे राहतात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आशियाला भिडला तेव्हापासून हिमालय याच रीतीने वाढत आहे.

तोच ताण खडक थंड, उथळ आणि ठिसूळ असताना पडला, तर वली न पडता खडक भंगतो, आणि भंगलेल्या पृष्ठाच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या संदर्भात सरकतात. अशा सरकलेल्या भेगेस विभंग म्हणतात, आणि नुसती भेग व विभंग यांतील भेद या सरकण्यातच आहे. भूकवच दोन्ही बाजूंनी दाबले जात असेल तर विभंगाच्या एका बाजूचा खडक दुसऱ्यावर चढतो, जसे हिमालयात घडले, जिथे अधिक जुने खडक अधिक नव्या खडकांवर कित्येक किलोमीटर सरकून बसले आहेत. भूकवच ताणले जात असेल तर मात्र विभंगतलाच्या वर टेकलेला खडक खाली घसरतो. दोन समांतर विभंगांमधील भाग आजूबाजूच्या मानाने उंच राहिला तर त्यास गट पर्वत म्हणतात, आणि दोन विभंगांमधील पट्टा खाली गेला तर खचदरी तयार होते. युरोपात व्होज आणि ब्लॅक फॉरेस्ट या दोन गट पर्वतांच्या मध्ये ऱ्हाइन नदीची खचदरी आहे, आणि भारतात नर्मदेचे खोरे हे याच प्रकारचे उदाहरण म्हणून शाळेपासून शिकवले जाते. गट पर्वत आणि खचदरी यांचा जन्म एकाच घटनेत होतो, म्हणून पर्वतांच्या इतिहासात खचलेल्या जमिनीला उचललेल्या जमिनीइतकेच स्थान द्यायला हवे. चंद्रपूरच्या बाबतीत तर हे स्थान अधिकच मोठे आहे.

या प्रदेशाच्या रचनेचा पाया दोन अतिप्राचीन भूखंडांनी घातला आहे. ईशान्येस बस्तर आणि नैर्ऋत्येस धारवाड अशी त्यांची नावे भूशास्त्रात रूढ आहेत, आणि दोन्हींचे ग्रॅनाइट, पट्टिताश्म व रूपांतरित खडक बहुतांशी अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. गडचिरोलीच्या पूर्वेकडील टिपागड, सुरजागड आणि भामरागड या डोंगररांगा बस्तर भूखंडावर उभ्या आहेत. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज ज्या खडकात सापडते तो लोह व सिलिका यांच्या आळीपाळीने रचलेल्या पातळ पट्ट्यांचा खडक आहे. असे थर प्राचीन समुद्रांच्या तळावर आडवे साचले आणि नंतरच्या प्रचंड दाबाखाली त्यांना घट्ट वली पडल्या. वली पडल्यामुळे एकच थर पुनःपुन्हा पृष्ठावर येतो आणि ठिकठिकाणी त्याची जाडी वाढल्यासारखी दिसते. शिवाय हा खडक झिजेला दाद देत नाही, म्हणून भोवतालचे मऊ खडक वाहून गेल्यावरही तो कड्यांच्या रूपाने उभा राहिला. याचा अर्थ असा की, एकेकाळी इथे वली पर्वत होते, ते केव्हाच झिजून गेले, आणि आज दिसणाऱ्या रांगा म्हणजे त्या पर्वतांच्या मुळांतील अधिक कठीण भाग आहेत. माडिया गोंड समाजासाठी सुरजागड हे ठाकूरदेवाचे स्थान असून तिथे परिसरातील गावांची यात्रा भरते. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील लोहखनिज स्थानिक भट्ट्यांत वितळवले जात असे, आणि त्यामुळे भूशास्त्रज्ञांचे सर्वेक्षण येण्याच्या कितीतरी आधी या डोंगरांतील धातूची ओळख इथल्या लोकांना होती.

बस्तर आणि धारवाड ही दोन भूखंडे जिथे सांधली गेली तो वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारा पट्टा हा भूकवचातील एक कायमचा दुबळा भाग ठरला, आणि दक्षिण भारताच्या इतिहासात ताण पडण्याची वेळ आली की, जमीन बहुधा याच ओळीवर पुन्हा तुटली. जुन्या जखमेचे असे वारंवार उघडणे यालाच भूशास्त्रात विभंगाचे पुनरुज्जीवन म्हणतात. पहिल्या खचण्याच्या काळात, कोळशाच्या खूप आधी, इथे उथळ समुद्र शिरले आणि त्यांत चुनखडी, शेल व वालुकाश्म साचले. पैनगंगा गटाचा हा चुनखडक राजुरा-कोरपना परिसरात विस्तृत प्रमाणात आढळतो, आणि गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस यांसारख्या ठिकाणचे सिमेंट उद्योग त्याच्याच आधाराने उभे राहिले. चंद्रपूर जिल्हा सिमेंट, कोळसा आणि लोह या तिन्हींसाठी ओळखला जातो, आणि या तिन्हींचे मूळ एकाच भूसंधीच्या दोन बाजूंना व तिच्या पोटात शोधता येते.

त्यानंतर कोट्यवधी वर्षांच्या खंडाने जमीन पुन्हा ताणली जाऊ लागली, तेव्हा भारत हा दक्षिण ध्रुवाच्या जवळ असलेल्या एका महाखंडाचा भाग होता आणि त्याच्या मोठ्या भागावर बर्फाचे आवरण होते. हिमनद्यांनी ओढून आणलेले लहानमोठे गोटे, चिखल व वाळू यांचा मिश्र थर आज तालचेर स्तर म्हणून ओळखला जातो. ओडिशातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधूंनी 1856 साली तो बर्फाने वाहून आणलेला असावा असे सुचवले, तेव्हा उष्ण कटिबंधातील भारतात हिमनद्या होत्या हे मान्य करणे पुष्कळांना जड गेले. या वादात निर्णायक ठरलेला एक पुरावा चंद्रपूरच्याच परिसरातून पुढे आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी फ्रान्सिस फेडन यांनी 1875 साली पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळील चुनखडकाच्या पृष्ठाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला व एकमेकींना समांतर ओरखडे पडलेला होता, आणि त्याच्यावर तालचेरचे गोटे साचले होते. सरकत्या बर्फात अडकलेल्या दगडांनी खालचा खडक खरवडला तरच असे ओरखडे उमटतात, म्हणून वाहत्या पाण्याचा किंवा समुद्राचा दाखला देऊन हे स्पष्टीकरण टाळणे पुढे शक्य राहिले नाही. हिमयुगातील भारताचा हा लेख जगाच्या भूशास्त्राने चंद्रपूरच्या मातीत वाचला, ही गोष्ट या जिल्ह्याच्या शाळांतून आजही फारशी सांगितली जात नाही.

बर्फ वितळल्यावर त्या सखल पट्ट्यात नद्या वाहू लागल्या, दलदली पसरल्या, आणि थंड पण ओलसर हवामानात ग्लोसॉप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराची पाने असलेल्या वनस्पतींची दाट वने वाढली. वनस्पती मरून पाण्याखाली गेल्या की, त्या हवेच्या अभावी पूर्ण कुजत नाहीत आणि त्यांचे पीट तयार होते. पीटवर वाळू व चिखलाचे जाड थर साचत गेले की, दाब आणि उष्णता वाढून त्यातील पाणी व वायू बाहेर पडतात आणि कोळसा उरतो. यासाठी एक अट अपरिहार्य असते. जमीन जर तशीच स्थिर राहिली तर दलदल लवकरच भरून जाते आणि साचलेले सारे झिजून वाहते. जमीन फार वेगाने खचली तर तिथे तळे होते आणि झाडे उगवत नाहीत. साचण्याचा आणि खचण्याचा वेग दीर्घकाळ जवळजवळ जुळला तरच कोळशाचा जाड थर तयार होतो. बाराकर स्तरांच्या काळात वर्धा-प्राणहिता-गोदावरीच्या पट्ट्यात हे घडले, कारण विभंगांच्या कडेने पट्टा हळूहळू बसत गेला आणि पुन्हा दलदलीसाठी जागा होत राहिली. म्हणून ऊर्जानगरच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या कोळशाच्या थरांची जाडी ही त्या खचण्याचेच मोजमाप मानता येते.

बाराकर थरांवर कामठी स्तरांचे वालुकाश्म पसरले, आणि त्यांच्या आच्छादनाने कोळसा झिजेपासून वाचला. त्यानंतरही पट्टा खचत राहिला. आग्नेयेकडे, सिरोंचाच्या दिशेने, मलेरी व कोटा हे आणखी नवे स्तर एकावर एक साचले, आणि हा सगळा क्रम काही ठिकाणी कित्येक किलोमीटर जाडीचा झाला. प्राणहितेच्या काठी सिरोंचा तालुक्यातील कोटा गावाजवळच्या चुनखडकात माशांचे जीवाश्म सापडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते गाव जगाच्या भूशास्त्रीय ग्रंथांत आले. याच तालुक्यातील वडधम परिसरही जीवाश्मांसाठी ओळखला जातो, आणि नदीपलीकडील पोचमपल्लीजवळ याच कोटा स्तरात सापडलेल्या महाकाय सरीसृपाचे, बारापासॉरस टागोरी या डायनोसॉरचे, नामकरण 1975 साली झाले. खचदरीचा एक गुण असा की, ती केवळ खनिजच नव्हे तर काळही साठवते. पर्वतावर जे झिजून नष्ट होते ते दरीत थरांच्या रूपाने टिकते, आणि म्हणून या पट्ट्यात जवळजवळ दहा कोटी वर्षांच्या जीवसृष्टीची नोंद एकामागून एक वाचता येते.

या भूमीचे वाचन करण्याचा आधुनिक इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. नागपुरात राहून काम करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1840च्या दशकाच्या अखेरीपासून विदर्भातील खडक व जीवाश्म गोळा केले. मांगली येथे सापडलेली उभयचराची कवटी रिचर्ड ओवेन यांनी 1855 साली ब्रॅकिऑप्स या नावाने वर्णिली. 1863 साली हिस्लॉप यांचा पुराच्या पाण्यात अंत झाला, पण तोवर नागपूर-चांदा भागातील थरांना एक क्रम आहे ही समज पक्की झाली होती. पुढील दशकांत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी तो क्रम नकाशावर उतरवला, टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील ग्रंथ 1877 साली आणि विल्यम किंग यांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावरील ग्रंथ 1881 साली सर्वेक्षणाच्या मालेत प्रसिद्ध केला. हेन्री मेडलिकॉट यांनी 1872 साली या सर्व थरांना गोंडवाना हे नाव सुचवले, आणि पुढे स्यूस यांनी ते दक्षिणेकडील संपूर्ण प्राचीन महाखंडाला दिले. गोंड राजांच्या चांद्याच्या परिसरातील खडक अशा रीतीने जगाच्या नकाशावर नाव होऊन बसले, आणि पुढे अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिकेत तीच ग्लोसॉप्टेरिसची पाने सापडली तेव्हा खंड एकत्र होते या मताला त्यांनीच बळ दिले.

सर्वेक्षणाबरोबरच खाणकामही सुरू झाले. वरोरा येथे 1871 साली सरकारी कोळसाखाण उघडली आणि ती 1906 पर्यंत चालली. वर्धा-वरोरा रेल्वेमार्ग मुख्यतः या कोळशासाठीच टाकला गेला, आणि त्यानंतर बल्लारपूर हे खाणकामाचे केंद्र झाले. खाणीत काम करणाऱ्यांसाठी विभंग हा रोजचा प्रश्न असतो. सीम, म्हणजे कोळशाचा थर, खोदत पुढे जावे आणि अचानक समोर कोळशाऐवजी वालुकाश्माची भिंत यावी, अशा वेळी खाणीतील माणसे फॉल्ट लागला असे म्हणतात, आणि त्यापुढचा निर्णय हा शुद्ध भूशास्त्राचा असतो : थर वर गेला की खाली, किती अंतरावर गेला, आणि तो पुन्हा शोधणे परवडेल का. याचे उत्तर विभंगतलाच्या कलावरून मिळते, कारण ताणाखाली पडलेल्या विभंगात ज्या दिशेला तल कललेले असते त्या दिशेचा भाग सहसा खाली गेलेला असतो. वर्धा खोऱ्यात कोळशाचे थर एका रुंद व मंद अपनतीत वाकलेले आहेत, आणि वायव्य-आग्नेय दिशेच्या विभंगांनी ते पुन्हा ठिकठिकाणी तुटले आहेत. अपनतीच्या माथ्यावरील थर झिजून गेल्यामुळे तिच्या दोन्ही बाहूंवर कोळसा पृष्ठाजवळ येतो, आणि खुल्या खाणी तिथेच शक्य होतात. वली व विभंग या दोन क्रिया हिमालयात हजारो मीटर उंचीच्या रूपाने दिसतात. वर्धा खोऱ्यात त्या थरांच्या काही अंशांच्या कलात आणि खाणीच्या भिंतीवरील तुटलेल्या रेषेत दिसतात, पण मूळ नियम तोच असतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला तेव्हा या पट्ट्याचा वायव्येकडील भाग त्याखाली गाडला गेला, आणि त्यानंतर झिजेचे राज्य सुरू झाले. आज वर्धा नदी आणि पुढे वैनगंगेशी झालेल्या संगमानंतर प्राणहिता याच प्राचीन पट्ट्याची दिशा धरून वाहतात, तर कठीण खडकांचे डोंगर पूर्वेकडे व दक्षिणेकडे उरले आहेत. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीचे डोंगर नव्याने उचललेले मानणे चूक ठरेल. ते बहुतांशी अवशिष्ट, म्हणजे भोवतालचे झिजल्याने उरलेले डोंगर आहेत. याचा अर्थ ही भूसंधी पूर्णपणे शांत झाली असा मात्र होत नाही. 13 एप्रिल 1969 रोजी याच गोदावरी खचदरीत भद्राचलमजवळ 5.7 तीव्रतेचा भूकंप झाला, आणि द्वीपकल्प अढळ आहे या समजुतीला, कोयनेच्या 1967च्या भूकंपापाठोपाठ, आणखी एक धक्का बसला. उत्तरेस आशियाशी चाललेल्या टकरीचा ताण भारतीय भूपट्टाच्या आतपर्यंत पोहोचतो, आणि तो सर्वप्रथम जुन्या विभंगांवर जाणवतो.

या सर्व क्रमाच्या शेवटी ऊर्जानगर येते. 1973 साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, दुर्गापूर आणि पद्मापूर येथे खुल्या खाणी वाढल्या, आणि कोळसा दूर वाहून नेण्यापेक्षा खाणीच्या तोंडाशी वीज निर्माण करणे स्वस्त पडते या विचाराने चंद्रपूरचे वीजकेंद्र उभे राहिले; पहिले दोन संच निवृत्त होऊन नवे संच जोडले गेल्यावर त्याची स्थापित क्षमता 2920 मेगावॅट आहे. ज्या साठ्याला जमीन खचण्याच्या अतिमंद वेगाने घडावे लागले तो आज काही दशकांच्या मोजमापाने जळतो, आणि त्याची राख, धूर व उकरलेल्या मातीचे ढीग हे या शहराच्या वाट्याला आलेले दुसरे वास्तव आहे. भूशास्त्र ही विषमता नाहीशी करू शकत नाही, पण ती किती मोठी आहे हे स्पष्टपणे दाखवू शकते.

खुल्या खाणीची भिंत हा एक दुर्मीळ दस्तऐवज असतो, कारण सपाट, मातीने झाकलेल्या खोऱ्यात कोळशाचे थर, त्यांच्या वली आणि त्यांना तोडणारे विभंग इतक्या स्वच्छपणे एरवी कोठेही दिसत नाहीत. आणि खाण बंद होऊन भरली गेली की, तो दस्तऐवज कायमचा झाकला जातो. इरईचा ओरखडलेला खडक, सिरोंचाचे जीवाश्म आणि दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणींतील विभंगरेषा यांची छायाचित्रे, मोजमापे व नकाशे जिल्ह्यातील महाविद्यालयांनी खाणी चालू असतानाच करून ठेवले, आणि ऊर्जानगरच्या शाळेतील विद्यार्थ्याला पर्वतनिर्मितीचा धडा आल्प्सच्या चित्राऐवजी आपल्या गावाच्या खडकावरून शिकवला, तर या भूमीने दिलेल्या संपत्तीची किमान एक परतफेड होईल. संपत्ती संपल्यावर उरणारे ज्ञान हाच या जिल्ह्याचा पुढील पिढ्यांसाठीचा साठा असेल, आणि तो जपण्यासाठी लागणारा वेळ अजून हातात आहे.